दोन जावांच्या पाठी आणि एक गुडघा

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या माझ्या दवाखान्यावर ‘त्वचारोगतज्ज्ञ’ अशी भारदस्त पाटी होती, पण गावाच्या लेखी मी कायम ‘खाजवाली डॉक्टरीण’च राहिले. कुणी पत्ता विचारला की खालचा पानवाला सांगायचा, “खाजवाली मॅडम ना? वर जा, मिठाईच्या दुकानावर.” नवी होते तेव्हा या नावाचा राग यायचा. पुढे कळलं की बुऱ्हाणपूरने एकदा नाव ठेवलं की ते सरकारी कागदापेक्षा पक्कं असतं, आणि मी भांडण सोडून दिलं. मागच्या वर्षी दवाखाना भाचीच्या हवाली केला, तर लोक आता तिला ‘छोटी खाजवाली’ म्हणतात.

बाकीचे डॉक्टर आमच्याकडे जरा वरूनच बघतात. आमचा पेशंट मरत नाही, त्यामुळे आम्हाला कुणी देव मानत नाही. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते, आमच्या धंद्यात मलम लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि हे कशामुळे झालं ते शोधण्यात कधी कधी महिने जातात. खरी मजा त्या शोधण्यात असते. पावसाळा संपला की दरवर्षी चेहरा सुजून येणारा एक शेतकरी होता. घरच्यांनी नजर उतरवून उतरवून मिरच्या संपवल्या, आणि निघालं बांधावरचं गाजर गवत. बँकेतले एक साहेब बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा घेऊन आले. गजकर्ण समजून वर्षानुवर्षं त्यावर दिसेल ते मलम चोपडत होते. मी त्यांना पट्टा काढायला सांगितला. बकल बरोबर त्या चट्ट्यावर टेकत होतं. बनियन आत खोचा, बकल अंगाला लागू देऊ नका, एवढंच सांगितलं. चट्टा गेला, पण साहेब खूश नव्हते. मॅडमनी साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही, असं ते बँकेत सांगत फिरले.

त्या बकलातला आरोपी म्हणजे निकेल. स्वस्तातल्या धातूच्या वस्तूंत हा सगळीकडे असतो. खोट्या दागिन्यांत, घड्याळाच्या मागच्या झाकणात, ब्लाउजच्या हुकात, परकराच्या पिनेत. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. मीच बघा, खोट्याची पहिल्यापासून शौकीन. चौकातल्या हातगाडीवरचे डूल घालून मी बड्या घरच्या लग्नांना गेले आहे आणि माझ्या कानांनी कधी कुरकुर केली नाही. पण काही माणसांच्या अंगाचं निकेलशी एकदा वाकडं आलं की ते जन्मभराचं. धातू कातडीला टेकला की खाज, लाली, पाणी सुटणं. आणि अंग हे वैर कधी विसरत नाही.

आता हाडांच्या डॉक्टरांचा यात काय संबंध? माझाही तोवर त्यांच्याशी आला नव्हता. गावातला हाडांचा डॉक्टर सुभाष कॉलेजात मला ज्युनिअर, म्हणून अजून मला ताई म्हणतो. गुडघे बदलण्यात त्याचा हात चांगला. त्याने उभं केलेले लोक गावभर ताठ चालताना दिसतात. माझ्याही गुडघ्यांवर त्याचा केव्हापासून डोळा आहे. जिना उतरताना मी कठडा धरते हे त्याने बघून ठेवलेलं. “ताई, करून टाका,” तो म्हणायचा. मी केळीचा हंगाम, दिवाळी, भाचीची परीक्षा, काही ना काही पुढे करायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची.

एके दिवशी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. “ताई, एक पेशंट पाठवतो. गुडघ्यावर पुरळ आलंय. पण मला नुसत्या पुरळाचं सांगू नका, सगळं बघा.”

पेशंट म्हणजे दापोऱ्याच्या कमलबाई. साठीच्या, उंच, नाकात खऱ्या मोत्यांची नथ. केळीचा मोठा मळा, आणि मळ्याचा सगळा कारभार त्यांच्या पायांवर चालायचा. रोज सकाळी त्या बागेत फिरायच्या आणि कुठला घड कापायचा, कुठला आठ दिवस ठेवायचा ते नुसतं बघून सांगायच्या. केळ्याच्या कडा मोडून गोल झाल्या की घड तयार. हे मुलगा गणेशलाही येत होतं, पण व्यापारी म्हणायचे, बाईंनी बघितलंय का ते सांगा. मग गुडघ्याने दगा दिला. सुभाषने तो बदलला. सुरुवातीचे काही आठवडे झकास गेले, आणि पुढे गुडघा सुजायला लागला. गरम, जड, वाकायला तयार नाही. जोडीला व्रणाच्या आजूबाजूला खाजणारं, पाणी सुटणारं पुरळ. सुभाषने जंतुसंसर्ग धरून तपासण्या केल्या, गुडघ्यातलं पाणी काढून पुन्हा पुन्हा तपासलं. जंतू नाही. एक्स-रेत सांधा जागच्या जागी. गावात मात्र निकाल लागून गेला होता की कमलबाई व्यायाम करत नाहीत, नखरे करतात. त्या अंगणातल्या खाटेवर बसून होत्या, आणि घड कुठला कापायचा ते आता गणेश मोबाइलवर फोटो काढून आणून दाखवायचा. त्या फोटोकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

त्यांना माझा जिना चढवेना. मीच कठडा धरत खाली उतरले आणि मिठाईवाल्याच्या मागच्या खोलीत त्यांना तपासलं. सोबत त्यांची धाकटी जाऊ होती, शोभा. एकाच वाड्यात राहणाऱ्या, पण दोघींच्या खुर्च्यांमध्ये तिसरी खुर्ची मावेल एवढं अंतर. मी माझे ठरलेले प्रश्न विचारायला लागले. औषधाची रिअॅक्शन? कधी नाही. खाण्यापिण्याची? नाही. नकली दागिने घालता का?

कमलबाईंनी मान वर केली. “मले खोटं चालत नही. सुरुवातीपासूनच.”

हे वाक्य ज्या ठसक्यात आलं, तो आमच्याकडे सगळ्यांना ओळखीचा आहे. मोठ्या घरच्या बायका असंच बोलतात. शोभा तर याच वाक्याची वाट बघत असल्यासारखी उसळली. “आयकलं का मॅडम? इथं बी तेच. माह्या लग्नात घरातल्या समद्या बायांनी एकसारखे सेट घातले व्हते. ह्या एकट्या सोनं घालून फिरल्या. फोटोत बी अलगच दिसतात.” मग आणखी तक्रारी निघाल्या. थोरलीचे ब्लाउज शोभाच शिवायची, तर यांना हुक चालत नाहीत, कापडी गुंड्या लागतात. “जमाना कुठं गेला, अन् मी बसते गुंड्या वळत. मुद्दाम तरास देतात.”

माझ्या डोक्यात ते बँकेतलं बकल लख्ख उभं राहिलं. मी कमलबाईंचा पदर बाजूला करून कान बघितले. भोकांच्या कडा जुन्या जखमांनी जाड झालेल्या. मानेवर मागच्या बाजूला, जिथे गळ्यातल्याची कडी टेकते तिथे, फिकट काळसर डाग. वर्षानुवर्षं कुणी न बघितलेला.

शोभाला मी बाहेर चहा सांगायला पाठवलं आणि कमलबाईंना विचारलं, हे कधीपासून? त्या नथीशी चाळा करत सांगू लागल्या. लग्नानंतर पहिल्याच सणाला सासूने हौसेने घालायला दिलेल्या कर्णफुलांनी कान चिघळले. त्यांनी ते सांगून बघितलं, तर सासू म्हणाली, माहेरच्या सोन्याचा तोरा दाखवते. दुसरी एक बाई मात्र कानाजवळ येऊन निरखून गेली आणि हिला काही कातडीचं आहे का, असं तिने आत जाऊन विचारलं.

“नव्या सुनेले खाज सुटते म्हटलं का लोकं काय काय समजतात, तुम्हाले का सांगू?” त्या म्हणाल्या. “बीमार म्हणण्यापरीस गर्वाची म्हणलेलं बरं वाटलं मले.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. अख्खा जन्म ही बाई गर्विष्ठ म्हणवून घेत जगली, कारण या गावात गर्वाला माफी आहे आणि कातडीच्या दुखण्याला नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी सुना पदराआड हात लपवत आल्या आहेत. त्यांतल्या सगळ्यांना मी नीट विचारलं असेल, असं मला वाटत नाही. आणि सुभाषचीही यात चूक नव्हती. त्याने ऑपरेशनआधी अॅलर्जी विचारली होती. बाईंनी खरं तेच सांगितलं होतं, की औषधाची नाही. दागिने सगळे काढूनच ठेवलेले. उरला तो तोरा, आणि तोरा काही तपासणीत लिहीत नाहीत.

बदललेल्या गुडघ्यात बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्र धातू असतो आणि त्यात थोडं निकेल. इथे वाचकांनी दचकू नये. ज्यांचे कान चिघळतात त्यांतल्या बहुतेकांचे नवे गुडघे छान चालतात. धातू मानवला नाही म्हणून गुडघा बिघडला, असं फार क्वचित होतं, आणि बाकीची सगळी कारणं खोडून झाल्यावरच ते म्हणायचं. सुभाषची ती खोडून झाली होती. आता माझी पाळी.

आमची चाचणी अगदी साधी दिसते. संशयित पदार्थांचे थेंब छोट्या वाट्यांत घालून पाठीवर चिकटवायचे, दोन दिवसांनी पट्ट्या काढायच्या, आणि पुढे आठवडाभर पाठ अधूनमधून वाचायची. अट एकच, पाठ भिजता कामा नये. घामानेही नाही. म्हणून बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात मी ही चाचणी कधी लावत नाही, पट्ट्या वाहून जातात. आम्ही थंडीची वाट बघितली, आणि थंडीबरोबर आला कार्तिक. कमलबाईंचा पहाटेच्या अंघोळीचा नेम. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय देवाला हात नाही, आणि देवघरात दुसऱ्या कुणाला पाय नाही.

मी समजावलं, कमरेखाली अंघोळ करा, वर ओलं फडकं फिरवा, पाठ सोडून. त्या म्हणाल्या, अशा अंघोळीला देव अंघोळ म्हणणार नाही. शास्त्र, आजारपण, सगळं सांगून मी थकले. शेवटी कोपऱ्यात बसलेली शोभा म्हणाली, तेवढे दिवस देवाचं मी करीन. कमलबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने देवघराच्या चाव्याच मागितल्या. मग हळूच म्हणाल्या, दिवा तुपाचा लागतो. शोभा म्हणाली, माहीत आहे.

मी वाट्या भरायला घेतल्या. तेवढ्यात शोभाने आपलीही पाठ पुढे केली. “मलेबी लावा. पाहू तरी, खरं काय ते.” तिच्या आवाजात अजून संशय होता. हे नाटक आहे आणि आपण ते उघडं पाडू, असं तिला वाटत होतं. मला ही कल्पना फार आवडली. शिकत असताना मी स्वतःच्या पाठीवरही असंच लावून घेतलं होतं, आणि माझी पाठ कोरी निघाली होती. दोघींच्या पाठीवर त्याच वाट्या, त्याच क्रमाने चिकटवल्या.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी थोडी लाली होती. पुढच्या खेपेला मी दोघींना शेजारी शेजारी, खिडकीकडे पाठ करून बसवलं. शोभाची पाठ स्वच्छ. कमलबाईंच्या पाठीवर निकेलच्या जागी लालभडक उंचवटा, त्यावर बारीक फोड. कोबाल्टच्या जागीही लाल. सिमेंटच्या, म्हणजे सांधा हाडाला पक्का बसवायला वापरतात त्या पदार्थाच्या जागी काही नाही. मी मोबाइलवर दोन्ही पाठींचा फोटो काढून शोभाच्या हातात दिला.

तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. बोट ठेवून विचारलं, ही माझी ना? मी हो म्हटलं. मग तिने थोरलीच्या पाठीवरून पदर सारखा केला, फोडांना लागणार नाही असा. “अन् मी गुंड्यांले शिव्या देत व्हती,” ती म्हणाली.  जाताना शोभाने दुकानाच्या पायरीवर थोरलीचा हात धरला आणि थोरलीने तो झटकला नाही.

चाचणीने कोडं सुटलं, असं कुणी समजू नये. मी सुभाषला स्वच्छ सांगितलं, कातडीला निकेल आणि कोबाल्ट चालत नाही एवढं मी शपथेवर सांगते. गुडघ्याच्या आतलं मला दिसत नाही. तो म्हणाला, मलाही नाही, ताई. इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनाही आम्ही सगळं दाखवलं. त्यांचंही मत तेच पडलं की दुसरं कारण सापडत नाही, सांधा बदलून वरून सिरॅमिकसारखा थर दिलेला बसवता येईल, पण हमी नाही. दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा पहिल्यासारखा नसतो. साधला तर मळा, नाहीतर खाटेवरून न्हाणीपर्यंत जाणंही बंद.

गणेश हात जोडून उभा राहिला. “मॅडम, एक बार खोललं. परत खोललं अन् बिगडलं, तर आई कायमची खाटेवर. जे हाये ते चालू द्या.” मुलगा प्रेमानेच बोलत होता. 

कमलबाई म्हणाल्या, “खाटेवर तं मी आत्ताबी हाये. खाटेखाली थोडीच जाईन? करा.”

ऑपरेशनसाठी इंदूरला सोबत कोण जाणार, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत शोभाने पिशवी भरली होती. सुभाषही आपला दवाखाना बंद ठेवून गेला आणि ऑपरेशनभर तिथे उभा राहिला. मी बुऱ्हाणपुरात खाजवाल्यांची रांग तपासत होते, पण त्या दिवशी कुणाला काय मलम लिहिलं ते देव जाणे. दुपारी फोन आला. सुभाष एवढंच म्हणाला, “आतलं अस्तर सगळं सुजलेलं होतं, ताई. जंतू नव्हताच. झालं नीट.”

पहिली बातमी कातडीने दिली, याचा मला आजही अभिमान आहे. गुडघा वाकायच्या आधी पुरळ सुकलं. मग सूज उतरली. मग शोभाच्या पहाऱ्याखाली व्यायाम सुरू झाला, आणि धाकटी जाऊ मास्तरीण झाली की काय होतं ते थोरलीला कळलं. केळी कापणीला आली तेव्हा गणेशने मला मोबाइलवर चित्रफीत पाठवली. हिरव्या बागेतून कमलबाई काठी टेकत चालल्या आहेत, थांबल्या, मान वर करून घड बघितला आणि हाताने नाही म्हटलं. अजून ठेवा. मी ती चित्रफीत दवाखान्यात येईल त्याला दाखवली. मिठाईवाल्याने ती बघून सगळ्यांना जिलबी वाटली.

यश पचवणं मात्र सोपं नसतं. बातमी पसरली आणि दुखऱ्या गुडघ्याचा प्रत्येक माणूस माझ्या जिन्यावर हजर. नेपानगरचे कागद कारखान्यातले एक निवृत्त गृहस्थ मोबाइलवर सगळं वाचून आले आणि बसायच्या आधीच सदरा काढायला लागले. त्यांच्या मते त्यांना सोन्यापासून लोखंडापर्यंत सगळ्याची अॅलर्जी होती. हातात लखलखीत पट्ट्याचं घड्याळ, कमरेला बकल, आणि खाली कातडी नितळ. मी चाचणी न लावता त्यांना सुभाषकडे परत पाठवलं. ऑपरेशननंतरचा व्यायाम त्यांनी केलाच नव्हता, फक्त वाचला होता. ते माझ्यावर अजून नाराज आहेत.

सुभाष मात्र सुधारला. गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटला तो आता विचारतो, खोटं घातलं की कान चिघळतात का? पुरुषांना बकलाचं विचारतो. हाडांच्या दवाखान्यात कानांची चौकशी होते म्हणून लोक हसतात, पण उत्तर देतात.

या वर्षी शोभाच्या मुलाचं लग्न झालं. दापोऱ्याला मी अगत्याने गेले. घरातल्या सगळ्या बायका पुन्हा एकसारखे सेट घालून उभ्या होत्या. जवळ गेले तर सेट निराळेच. शनवाऱ्यातल्या पटव्याकडून, म्हणजे दागिने ओवणाऱ्याकडून, रेशमाच्या दोऱ्यात ओवून घेतलेले काचमणी, मध्ये शुद्ध चांदीचं पान, कडीच्या जागी दोऱ्याचा गोंडा. शोभाने हुकूम काढला होता की थोरलीला जे चालतं तेच या लग्नात सगळ्या घालतील. फोटो काढायची वेळ आली तेव्हा तिने कमलबाईंना ओढून मधोमध उभं केलं. अलग कुणीच दिसत नव्हतं.

मग वरात निघाली, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत. बँड, धूळ, नाचणारी पोरं. अर्ध्या वाटेत माझे गुडघे बोलायला लागले आणि मी गुपचूप मागच्या जीपमध्ये जाऊन बसले. बायकांच्या घोळक्यातून कमलबाई मागे वळल्या आणि थेट जीपकडे आल्या. हातात काठी नव्हती. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग माझ्या कानांतल्या हातगाडीवरच्या डुलांकडे.

“काहून बसल्या? सुभाष डॉक्टर म्हणत व्हते, तुम्ही ऑपरेशनले भेता.”

मी काहीतरी पुटपुटले. दिवाळी होऊ दे, वगैरे.

त्यांनी जीपचं दार उघडून हात पुढे केला. “डॉक्टरीणबाई, तुम्हाले तं खोटं बी चालतं. मंग कायले भेता?”

त्यांचा हात धरून मी उतरले. मांडवापर्यंत पुढे त्या आणि मागे लंगडत मी. सुभाषने मला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, आणि इंदूरची पिशवी भरायचा अनुभव असलेली शोभा म्हणते, सोबत मीच येणार.